मापे जागेवर तपासून घ्यावीत

इमारतीचे कोणतेही ड्रॉइंग उलगडून पाहा. आर्किटेक्टच्या नावाच्या चौकटीशेजारी बारीक अक्षरात एक सूचना बहुधा सापडतेच: सर्व मापे कंत्राटदाराने जागेवर तपासून घ्यावीत. वरवर ती सावधगिरीची सूचना आहे. पण बांधकामाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला तिचा खरा अर्थ ठाऊक असतो. कागदावरचे आमचे, जमिनीवरचे तुमचे. भिंत चुकली की नकाशा काढणारा म्हणतो, मापे तपासायला सांगितली होती. बांधणारा म्हणतो, नकाशात होते तसेच केले. या एका ओळीच्या दोन बाजूंना उभे राहून जगभर किती दावे लढले गेले असतील, याची गणतीच नाही.

ही ओळ पुसण्याचा पहिला गंभीर प्रयत्न 1990 च्या दशकात झाला. त्यात एका बंद पडलेल्या संगीतसभागृहाचा वाटा होता, एका प्रचंड माशाचा होता, आणि लढाऊ विमाने घडवण्यासाठी लिहिलेल्या एका प्रोग्रॅमचा होता. आज आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि कंत्राटदार एकाच संगणकीय मॉडेलवर काम करतात ते पाहताना ही हकिकत सहसा कुणी सांगत नाही. ती सांगायला हवी, कारण प्रोग्रॅम कोणता वापरला यापेक्षा जबाबदारी कोणी अंगावर घेतली, हा तिच्यातला खरा प्रश्न आहे.

काटकोनातल्या इमारतीला जुनी वाटणी चालून जाते. प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन या सपाट चित्रांवरून अनुभवी मिस्त्री अख्खी खोली मनात उभी करतो. लाइनआउटला दोरी, टेप आणि गुण्या पुरतो, भिंत सरळ चढते आहे की नाही ते ओळंबा सांगतो. अडचण सुरू होते ती पृष्ठभाग दोन्ही दिशांनी वळायला लागला की. सेक्शन म्हणजे एका जागी घेतलेला छेद. या छेदापासून पुढच्या छेदापर्यंत पृष्ठभाग कसा गेला, याबद्दल ड्रॉइंग काहीच बोलत नाही. ती मधली जागा बांधणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने भरायची.

सिडनीच्या ऑपेरा हाउसला याची जबर किंमत मोजावी लागली. 1957 साली डेन्मार्कचा यॉर्न उत्झोन स्पर्धा जिंकला तेव्हा त्याच्या शिडांसारख्या छपरांची रेखाचित्रे विलक्षण होती, पण त्यांची भूमिती ठरलेली नव्हती. सरकारला घाई होती. 1959 च्या मार्चमध्ये खालच्या जोत्याचे काम सुरूही झाले. वर किती वजन येणार हे नक्की नसताना उभे केलेले काही खांब पुढे अपुरे ठरले आणि पुन्हा करावे लागले. उत्झोनचे ऑफिस डेन्मार्कमधल्या हेलेबेक गावी, ओव्ह अरूपचे इंजिनिअर लंडनमध्ये आणि साइट सिडनीत. मधे पत्रे आणि ड्रॉइंगची भेंडोळी. अरूपच्या माणसांनी फेरांटी पेगॅसस हा त्या काळचा संगणक वापरून एकामागून एक आकारांची गणिते केली. पॅराबोला झाले, लंबगोल झाले. अखेर 1961 मध्ये सगळी छपरे सुमारे 75 मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायची, असे उत्झोनने ठरवले. मग एकच साचा पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागला.

संगणक तिथे नसता तर ती इमारत उभी राहिली नसती, असे मला वाटते. पण तो इंजिनिअरच्या खोलीत आकडेमोड करत राहिला. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि कंत्राटदार यांनी मिळून पाहावी अशी एकही गोष्ट त्याने त्यांच्यासमोर ठेवली नाही. उत्झोनने 1966 च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला. इमारत 1973 मध्ये पुरी झाली. 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा मूळ अंदाज 10 कोटी 20 लाखांवर गेला होता.

पुढची गोष्ट फ्रँक गेरी यांची. जन्म टोरांटोचा, 1929 सालचा. काम लॉस एंजेलिसमध्ये. पुठ्ठा, लाकडाचे ठोकळे, चुरगळलेला कागद यांची मॉडेल्स करत करत ते इमारतीपर्यंत पोचत. स्वतः संगणकाला हात लावत नसत. 1989 मध्ये जर्मनीतल्या वाइल आम राइन या गावी त्यांचे व्हिट्रा डिझाइन म्युझियम उभे राहिले. त्यातला गोल वळत जाणारा जिना पारंपरिक भूमितीच्या रीतीने कागदावर उतरवला होता. ड्रॉइंग नियमाप्रमाणे बरोबर होते, कंत्राटदारानेही ते मन लावून पाळले. तरीही प्रत्यक्ष जिन्याच्या वळणात एके ठिकाणी बाक आला. दोन्ही बाजूंनी काम चोख आणि वस्तू मात्र चुकलेली, म्हणजे दोष मधल्या माध्यमाचा होता.

त्याच वर्षी जिम ग्लिम्फ हे आर्किटेक्ट गेरींच्या ऑफिसात आले. वर्किंग ड्रॉइंगचे काम त्यांनी आतून-बाहेरून पाहिले होते. त्यांच्यापुढे पहिले मोठे काम आले ते माशाचे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकसाठी समुद्रकाठच्या हॉटेलपुढे गेरींनी एक मासा योजला होता: पन्नास मीटरहून लांब, पस्तीसेक मीटर उंच, सोनेरी झाकेच्या पोलादी जाळीचा. मुदत तोंडावर आलेली.

हार्वर्डचे प्राध्यापक विल्यम मिचेल यांच्या मदतीने आधी एलियस नावाच्या प्रोग्रॅममध्ये माशाचे मॉडेल झाले. पडद्यावर ते देखणे दिसले. पण त्यातला वळणदार पृष्ठभाग आतून लहान लहान सपाट तुकड्यांचा होता. दोन तुकड्यांच्या मधला एखादा बिंदू नेमका कुठे आहे, असे विचारले तर खरे उत्तर मिळत नसे. चित्रासाठी ते ठीक होते, पोलाद कापण्यासाठी नव्हे. पृष्ठभागावरच्या कोणत्याही बिंदूचे अचूक स्थान सांगणारा प्रोग्रॅम ग्लिम्फ यांना हवा होता. इमारतींच्या जगात तो नव्हता. तो विमानांच्या जगात सापडला.

केटिया हे त्याचे नाव. फ्रान्समधल्या दसॉ कंपनीने 1977 साली विमानांच्या डिझाइनसाठी तो लिहायला घेतला. आपल्या हवाई दलातली मिराज आणि राफेल विमाने बनवणारी कंपनी ती हीच. वळणांचे गणित मोटारगाड्यांच्या कारखान्यांतून आले होते: रेनोमध्ये पिएर बेझिए आणि सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी गाडीच्या पत्र्याचे वळण समीकरणात पकडण्याची रीत 1960 च्या आसपास घडवली. केटियात पृष्ठभाग म्हणजे समीकरण. त्याला कुठेही छेद द्या, कितीही बारीक अंतराने बिंदू मागा, उत्तर नेमके मिळणार. विमान उद्योगात केटिया शिकलेले रिक स्मिथ यांना बोलावून माशाचे मॉडेल नव्याने केले गेले. पर्मास्टीलिझा या इटालियन कंपनीने त्या मॉडेलवरून जाळी घडवली आणि मासा ऑलिंपिकपर्यंत उभा राहिला. आर्किटेक्टने केलेले मॉडेल थेट बनवणाऱ्याच्या हाती जाण्याचा हा धडा गेरींच्या ऑफिसला आयुष्यभर पुरला.

त्यांच्या स्वतःच्या गावात मात्र नेमके उलटे घडत होते. 1987 मध्ये वॉल्ट डिस्नेच्या पत्नी लिलियन यांनी लॉस एंजेलिसमध्ये संगीतसभागृह बांधण्यासाठी 5 कोटी डॉलर दिले, आणि 1988 च्या अखेरीस गेरींची निवड झाली. पण वर्किंग ड्रॉइंग दुसऱ्या एका फर्मने करायची, अशी व्यवस्था ठरली. मोठ्या प्रकल्पांत अमेरिकेत तशी प्रथाच होती. कल्पना एकाची, प्रत्यक्ष बांधकामाची ड्रॉइंग दुसऱ्याची. त्या फर्मकडे नेहमीची चांगली माणसे होती, पण गेरींचे वळणदार आकार सपाट कागदावर उतरवताना व्हिट्राच्या जिन्याचीच अडचण शेकडो पटींनी समोर आली. कंत्राटदारांना आकार उमगेना. न उमगलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी त्यांनी किंमत वाढवून धरली. त्यात कॅलिफोर्नियातली मंदी, 1992 ची दंगल, 1994 च्या जानेवारीतला भूकंप. काउंटीने खालचे सहा मजली पार्किंग सुमारे 11 कोटी डॉलर खर्चून बांधले. वरचे सभागृह 1994 मध्ये थांबले. वर्तमानपत्रांतून लिहून येऊ लागले की हा माणूस कागदावर सुंदर चित्रे काढतो, पण ती बांधता येत नाहीत. स्वतःच्याच शहरात हे ऐकून घ्यावे लागले, हे गेरींना फार लागले.

पण ती बांधता येत होती, आणि याच काळात अटलांटिकपलीकडे बांधलीही जात होती. बिल्बाओ हे स्पेनच्या बास्क प्रांतातले जहाजांचे आणि पोलादाचे शहर. गोद्या बंद पडलेल्या, बेकारी वाढलेली. 1991 मध्ये बास्क सरकार आणि गुगेनहाइम फाउंडेशन यांनी नर्व्हिऑन नदीच्या काठावर संग्रहालय बांधायचे ठरवले आणि गेरींना निवडले. 1993 च्या ऑक्टोबरात बांधकाम सुरू झाले.

तिथली कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. गेरींचे पुठ्ठ्या-लाकडाचे मॉडेल टेबलावर ठेवायचे. सांधे असलेल्या एका यांत्रिक हाताच्या टोकाला सुई असे. ते उपकरण मुळात वैद्यकीय उपयोगासाठी निघालेले. ती सुई मॉडेलच्या अंगावरून फिरवत बिंदूंमागून बिंदू संगणकात घ्यायचे. त्या बिंदूंवरून केटियात पृष्ठभाग तयार व्हायचा. मग त्याच पृष्ठभागावरून यंत्राने नवे मॉडेल कोरून काढायचे आणि ते मूळ मॉडेलशेजारी ठेवायचे. संगणकाने आकार बदललेला नाही ना, हे गेरींनी डोळ्यांनी पाहायचे. पटले नाही की पुन्हा पहिल्यापासून. संगणकाने इमारतीचा आकार सुचवला, असे बिल्बाओबद्दल आजही लिहिले जाते. ते साफ चूक आहे. हाताने केलेला आकार न बिघडवता पुढे पोचवणे, एवढेच त्याचे काम होते, आणि तेच अवघड होते.

तो पृष्ठभाग शिकागोच्या एसओएम या फर्मकडे गेला. तिथल्या इंजिनिअरांचे म्होरके हाल अय्यंगार, मूळचे भारतीय. इंजिनिअर फझलूर खान यांच्याबरोबर त्यांनी शिकागोच्या उत्तुंग इमारतींवर काम केले होते. बिल्बाओसाठी त्यांनी पोलादाची सुमारे तीन मीटर चौकटींची जाळी योजली. जाळीतले मुख्य तुकडे बहुतांशी सरळ. वळण येते ते त्यांच्या जोडणीच्या कोनातून. हे तुकडे घडवणाऱ्या बास्क कारखान्यांकडे बोकॅड नावाचा प्रोग्रॅम होता. केटियातल्या मापांवरून तो प्रत्येक तुकड्याची लांबी, टोकाचा काप आणि बोल्टच्या भोकांची जागा काढून देई.

एकसारखे दोन तुकडे शोधूनही सापडले नसते, म्हणून प्रत्येकावर बारकोड. साइटवर तुकडा आला की बारकोड वाचायचा. इमारतीतली त्याची जागा तीन अंकांत समोर येई: पूर्व-पश्चिम इतके, उत्तर-दक्षिण इतके, उंची इतकी. क्रेनने तुकडा वर न्यायचा, लेसरच्या उपकरणाने त्याचे टोक त्या बिंदूवर आणायचे आणि बोल्ट कसायचे. टेप लावायची वेळ क्वचितच आली. जागेवर तपासायची मापे कागदावर नव्हतीच. ती मॉडेलमध्ये होती, आणि त्या मापांची जबाबदारी मॉडेल करणाऱ्याने घेतली होती.

बाहेरून टायटॅनियमचे पत्रे चढले, जेमतेम 0.38 मिलिमीटर जाडीचे. हा धातू एरवी इमारतीला परवडत नाही, पण रशियाने त्याच सुमारास बाजारात भरपूर माल ओतल्याने भाव उतरला होता. बहुतेक पत्रे मोजक्याच ठराविक आकारांचे होते आणि कारागिरांनी ते जागेवर हाताने वाकवून बसवले.

पोलादाच्या कामासाठी आलेल्या निविदा अंदाजापेक्षा खाली होत्या, आणि एकमेकींपासून फारशा दूरही नव्हत्या. लॉस एंजेलिसमध्ये याच आर्किटेक्टच्या इमारतीसाठी कंत्राटदार किंमत चढवत होते. फरक एवढाच की इथे निविदा भरणाऱ्याला वजन, लांबी, तुकड्यांची संख्या आणि सांधे सगळे आधी दिसत होते. ड्रॉइंग पाहून कंत्राटदाराच्या मनात जी शंका येते तिचीही किंमत तो लावतो. शंका गेली की ती किंमतही जाते.

इथे सगळे श्रेय केटियाला देणे मला मान्य नाही. जहाजे आणि पोलाद यांत पिढ्यान्‌पिढ्या घालवलेल्या गावाचे कामगार तिथे होते, आणि इडॉम ही स्थानिक इंजिनिअरिंग फर्म होती. कोणता कारखाना काय करू शकतो, हे तिला पक्के ठाऊक होते. 1997 च्या ऑक्टोबरात संग्रहालय उघडले, आणि ते ठरलेल्या खर्चात झाले होते.

बिल्बाओ पुरे होत आले तशी लॉस एंजेलिसची लाज वाढत गेली. उद्योगपती एली ब्रॉड आणि महापौर रिचर्ड रिऑर्डन यांनी पैसे उभे करायला घेतले. पण 1997 मध्ये पुन्हा तोच वाद: वर्किंग ड्रॉइंग दुसऱ्या फर्मकडे द्यावीत, म्हणजे काम लवकर आणि स्वस्तात होईल, असे ब्रॉड यांचे म्हणणे होते. गेरींनी प्रकल्प सोडण्याची भाषा केली. त्या वेळी वॉल्ट डिस्नेची मुलगी डायेन डिस्ने मिलर ठामपणे मधे पडल्या. ड्रॉइंग गेरींच्याच ऑफिसने करावीत आणि त्याचा खर्च आमच्या कुटुंबाच्या देणगीतून व्हावा, हे त्यांनी मान्य करून घेतले. बांधकामाच्या इतिहासात डायेन यांचे नाव सहसा येत नाही. माझ्या मते या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्यांचाच. आकार ज्याने कल्पिला त्यानेच त्याच्या मापांचीही जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व त्यांनी पैसे मोजून मान्य केले.

बिल्बाओच्या अनुभवावरून बाहेरचा दगड जाऊन स्टेनलेस स्टील आले. 1999 च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले. मॉर्टेन्सन या कंत्राटदार कंपनीने तोवर आणखी एक पाऊल टाकले होते: स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर त्रिमिती मॉडेलला वेळापत्रक जोडले. आठवड्यामागून आठवडा इमारत पडद्यावर वाढताना दिसे. पोलाद चढवणारे, नळ टाकणारे, छत करणारे असे उपकंत्राटदार ते एकत्र बसून पाहत. आपली क्रेन दुसऱ्याच्या परांचीत अडकणार, हे साइटवर नव्हे तर बैठकीतच कळे. 2003 च्या ऑक्टोबरात सभागृह उघडले. एकूण खर्च 27 कोटी 40 लाख डॉलर.

अमेरिकेत आर्किटेक्टने बांधण्याच्या रीतीत पडू नये, नाहीतर दाव्यात अडकाल, असे विमा कंपन्या आणि वकील पिढ्यान्‌पिढ्या बजावत आले. त्या सल्ल्याने आर्किटेक्ट सुरक्षित झाला आणि दुबळाही झाला. निर्णय होतात त्या टेबलावरून त्याला लहान मुलासारखे बाजूला बसवले जाते, अशी तक्रार गेरी वारंवार करत. 2002 मध्ये त्यांच्या ऑफिसातून गेरी टेक्नॉलॉजीज ही स्वतंत्र कंपनी निघाली. केटियाच्या पायावर इमारतींसाठी बेतलेला डिजिटल प्रोजेक्ट हा प्रोग्रॅम तिने इतरांनाही दिला. 2014 मध्ये ट्रिंबलने ती कंपनी विकत घेतली.

केटिया महाग होता आणि शिकायला अवघड. सामान्य ऑफिसांपर्यंत हीच कल्पना दुसऱ्या वाटांनी गेली. चार्ल्स ईस्टमन यांनी 1975 मध्येच कार्नेगी मेलन विद्यापीठातून इमारतीचे एकच संगणकीय वर्णन असावे आणि सगळी ड्रॉइंग त्यातून निघावीत, असे मांडले होते. बुडापेस्टमध्ये गाबोर बोयार यांच्या कंपनीने आर्किकॅड केला. अमेरिकेत 2000 साली रेव्हिट आला. त्यात प्लॅनमध्ये खिडकी सरकवली की एलिव्हेशन आणि सेक्शनमध्येही ती आपोआप सरकते. ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीने तो 2002 मध्ये 13 कोटी 30 लाख डॉलरना घेतला. प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा, म्हणून सर्वांना वाचता येईल असे आयएफसी हे खुले स्वरूप आले. या सगळ्याला मिळून आज बिम, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणतात.

महाराष्ट्रात अमोनिया प्रिंटचा उग्र वास ज्यांनी वर्षानुवर्षे घेतला, ती पिढी ट्रेसिंगवरून ऑटोकॅडवर फार लवकर आली. पुण्यातच तयार झालेली ऑटोडीसीआर ही प्रणाली आर्किटेक्टची ड्रॉइंग फाइल वाचून सामासिक अंतरे आणि एफएसआय तपासते, आणि तिचे मला खरोखर कौतुक आहे. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने मॉडेलला वेळ आणि खर्च दोन्ही जोडण्याची पद्धत वापरली. पण ऑटोडीसीआर तपासते ते सपाट ड्रॉइंग. आणि आपल्याकडच्या बहुतेक खासगी इमारतींच्या करारात मॉडेलचा उल्लेखही नसतो. ऑफिसात रेव्हिट असला तरी साइटवर जातात ते पीडीएफचे प्रिंट, कोपऱ्यातल्या त्या सूचनेसकट.

सिंगापूरने 2013 मध्ये मोठ्या इमारतींच्या मंजुरीसाठी आर्किटेक्टचे मॉडेल सक्तीचे केले आणि 2015 पर्यंत 5,000 चौरस मीटरहून मोठ्या सर्व नव्या इमारतींना तो नियम लावला. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांनी निदान रुग्णालये, शाळा आणि उंच इमारतींपासून अशी सुरुवात करावी. त्याच्या आधी करारांच्या नमुन्यात एक कलम घालावे लागेल: कागद आणि मॉडेल यांत फरक निघाला तर प्रमाण कोणते मानायचे, आणि त्या मापाखाली सही कोणाची.